डिझेल पडलेली विहीर

अमरावतीच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचो तेव्हा मला स्वतःबद्दल फार शंका नसायच्या. आजही फारशा नाहीत. पण त्या उन्हाळ्यात भातकुलीजवळच्या आमच्या शेतातली विहीर बुजवायचं बाबांच्या मनात आलं, आणि माझं शिक्षण घरच्या काही कामाचं आहे का, याचा निकाल लागायची वेळ आली.

झालं असं की पाणी खाली गेलं म्हणून बाबांनी ऑइल इंजिन विहिरीतल्या खालच्या टप्प्यावर उतरवलं आणि तिथेच त्यांच्या हातून डिझेलचा डबा कलंडला. वरचं तेल पोत्यांनी टिपून घेतलं, तरी तवंग राहिलाच. बैलांनी पाणी हुंगून तोंड फिरवलं. संत्र्याची नवी कलमं गावातून आणलेल्या पाण्यावर कशीबशी तग धरून होती. पण बाबांना जास्त छळायचा तो वास, कारण येणारा-जाणारा थांबून विचारायचा. लाजेची गोष्ट झाकून ठेवायची ही आमच्या घरची रीत. बाबांनी गोठ्यावरची टिनं काढून विहीर गच्च झाकली, फटी चिखलानं लिंपल्या. नंतर कधीही टिन उचललं तरी वास तसाच.

"बुजवून टाकतो," ते म्हणाले. "दुसरी खोदू."

"राहू द्या, बाबा. मातीत डिझेल खाणारे जंतू असतात. ते साफ करतील."

"कॉलेजात हेच शिकवून राहिला का तू?"

मला राग आला. इंजिनाखालची तेल मुरलेली काळी माती आणि विहिरीचं पाणी घेऊन मी अमरावतीला परतलो. प्रयोगशाळेत दोन चंबूंत ते सारखं भरलं. एकाला रबरी बूच घट्ट बसवलं, दुसऱ्याला नुसता कापसाचा बोळा लावला. एक झाकलेली विहीर, एक उघडी. काही दिवसांनी बोळ्याच्या चंबूतलं पाणी गढूळ झालं, तवंग फुटून त्याचे बारीक थेंब झाले. बुचाच्या चंबूतला तवंग होता तसाच होता.

कारण सरळ आहे. जंतूच्या अंगाभोवती पेशीपटलाचा पातळ पापुद्रा असतो आणि त्यात एक विकर, म्हणजे एन्झाइम, रुतून बसलेलं असतं. डिझेल म्हणजे कार्बनच्या साखळ्या, त्यांना चिकटलेला नुसता हायड्रोजन. अशा साखळीला तोंड कुठे लावायचं हाच प्रश्न. ते विकर हवेतल्या ऑक्सिजनच्या जोडीतला एक अणू साखळीच्या टोकाला बसवतं आणि दुसऱ्याचं पाणी करतं. एकदा हे जमलं की पुढे त्या साखळीचं आम्ल होतं, आणि ती तेलातुपासारखी पचते. हवा नसेल तर पहिला घासच मिळत नाही. विकराचे हे बारकावे मला पुष्कळ नंतर कळले, पण हवा लागते एवढं त्या चंबूंनी तेव्हाच सांगितलं.

पुढच्या रविवारी घरी गेलो. "टिन काढा," मी बाबांना म्हणालो. "जुनी मोट जुंपा. पाणी पाटात सोडू नका, वरून परत विहिरीतच पडू द्या. पडताना हवा घेऊन जाईल."

"लोक हासतीन."

"हसू द्या."

बाबांनी पहिलं टिन बाजूला ओढलं. "पाऊस येईलोक पाह्यतो," ते म्हणाले. "मंग बुजवतो."

विहिरीचं पाणी विहिरीतच ओतणारे म्हणून गावानं आमची यथेच्छ टर उडवली. बाबा मान खाली घालून बैल हाकत राहिले. हळूहळू वास उतरला. त्यातलं किती उन्हानं उडालं आणि किती जंतूंनी खाल्लं, हे मी आजही सांगू शकत नाही. मी श्रेय मात्र जंतूंना देतो.

मृग तोंडावर आला होता. एका सकाळी मोट सोडल्यावर थोरला बैल मोटेतून सांडून साचलेल्या पाण्यापाशी थांबला, त्यानं हुंगलं आणि तो प्यायला लागला. चांगला पोटभर प्यायला. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.

दुपारी वावटळ उठली. विहिरीत पाचोळा पडेल म्हणून मी एक टिन उचलून तिकडे निघालो. बाबांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"ठेव तिकडं," ते म्हणाले. "तुह्या जनावरायले हवा लागते."