हूऱ्याचं हायकोर्ट

हा किस्सा मी इतक्या पार्ट्यांत रंगवलाय, की तुम्हीही ऐकला असेल. पण त्यातली एक गोष्ट – एकच – मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही.

आखातात नोकरीला होतो तेव्हा हूऱ्यात कंपनीची बिल्डिंग होती. वरच्या मजल्यावर आम्ही वसईचे ख्रिस्ती, खाली रत्नागिरीचे मुसलमान. पाण्यावरून रोज भांडणं – पार बादल्या फेकण्यापर्यंत! मॅनेजरने दम भरला, पुन्हा तक्रार आली तर सगळ्यांचे व्हिसा कॅन्सल. मग आम्ही तह केला. आणि काय थाटाचा तह! प्रत्येक मजल्याचं स्वतःचं राज्य, स्वतःचं कोर्ट. आपल्या माणसाचा न्याय आपणच करायचा, मॅनेजरकडे कुणी जायचं नाही, जज्जाचा शब्द अखेरचा. कलमं सगळी माझी. मग जज्ज कोण? मीच! अंगात बाथरोब, हातात लाटणं.

एका शुक्रवारी, जुम्म्याच्या आंघोळीच्या वेळी, खालचं पाणी गेलं. गच्चीवर त्यांच्या टाकीचा कॉक कुणीतरी बंद केला होता. हुसेनभाई साबणासकट, टॉवेलवरच वर आले.

"तुमचा कोर्ट हाय ना? मंग करा न्याय. नायतर तह खलास!"

गच्चीवर आमच्याच मजल्यावरच्या डेनिसचे कपडे वाळत होते. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. आणि मी – मी काय केलं? लाटणं आपटलं.

"मी नाही, जज्जसाहेब," एवढंच तो म्हणाला.

शिक्षा – मजला सोडायचा, लांब अस्करच्या लेबर कॅम्पात बेड मागून घ्यायचा. तिथे त्याच्याशी आपल्या भाषेत बोलायला कुणी नव्हतं. लग्न होईपर्यंत तो तिथेच राहिला. दाद कुणाकडे मागणार? ती वाट माझ्याच कलमांनी बंद केली होती.

कॉकही मीच बंद केला होता. गंमत म्हणून – हुसेनभाई साबणात कसे नाचतात, ते बघायला. कबूल केलं असतं, तर अस्करला मी गेलो असतो. लाटणं उचलतानाच हे मला कळत होतं.

परवा सनाबिसला, एका बाप्तिस्म्याच्या पार्टीत, पुन्हा फर्माईश झाली. मी नाही म्हणू शकतो का? आणि खरं सांगितलं, तर गोष्ट हसण्यावर संपेल कशी? डेनिसला नेहमीसारखं आरोपी म्हणून उभं केलं. त्याच्या मुलीने विचारलं, "डॅड, डिड यू रिअली डू इट?"

"कोर्टाने सांगितलं ना, बाय," तो ताटातलं चिकन निवडत म्हणाला. "म्हणजे केलं असणार."

सगळे खो खो हसले. मी नसलेला झगा सावरला, कमरेत वाकलो, आणि टाळ्या घेतल्या.