काकांनी दिलेला नो-बॉल

ज्या क्लबला कप मिळतात त्याचं कपाट भरतं. आमच्यासारख्या हरणाऱ्या क्लबकडे नुसते किस्से साठतात. ईलिंगजवळच्या एका पार्कात दर रविवारी आम्ही बेसबॉल खेळतो. होय, बेसबॉल, इंग्लंडात! प्रेक्षक म्हणजे कुत्री फिरवायला आलेली माणसं, आणि तीही बॉल अंगावर येईपर्यंतच थांबतात. आमचे निम्मे किस्से एकट्या अनीशचे आहेत.

*

अनीश आधी क्रिकेटमधला फास्ट बोलर. त्याचे वडील हाडांचे डॉक्टर, आता रिटायर झालेले, आणि शनिवारच्या क्रिकेट लीगचे अंपायर. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो.

मोठ्यांच्या टीममधली अनीशची पहिलीच ओव्हर, आणि स्क्वेअर लेगला काका. पहिला बॉल पडला. काकांनी उजवा हात आडवा केला, "नो-बॉल!" दुसऱ्याला तेच. तिसऱ्यालाही तेच! कोपर वाकवून फेकतो, म्हणजे चकिंग करतो म्हणून. कॅप्टनने बॉल काढून घेतला.

परत येताना मी त्यांच्या कारमध्ये मागे बसलो होतो. एका सिग्नलला काका म्हणाले, "बाप म्हणून वाईट वाटलं रे. पण कोपर वाकतं म्हणजे वाकतं!"

*

दुसऱ्याच दिवशी मी अनीशला आमच्या पार्कात नेलं. म्हटलं, "चल, इथे फेकणं हा गुन्हा नाही. इथे तेच काम आहे!"

आमचा कोच रिक अमेरिकन. त्याने बॉल हातात दिला. अनीशने तो असा काही सोडला की कॅचर घाबरून बाजूला झाला, पण बॉल गेला थेट बॅटरच्या बुटापाशी, जमिनीत.

"हा जमिनीला का मारतोय?" रिकने विचारलं.

अनीश दुखावला. इंग्लंडात वाढलेल्या त्याच्या मोडक्या मराठीत मला म्हणाला, "त्याला सांग ना, तो यॉर्कर होती!"

*

त्याच दिवशी त्याला बॅटिंगही मिळाली. बॉल टोलवला, बॅट हातात घेऊनच पहिल्या बेसपर्यंत पळाला, बॅट टेकवली, आणि गर्रकन वळून दुसऱ्या रनसाठी परत!

रिक गवतावर बसला तो बराच वेळ उठलाच नाही.

*

काकी, म्हणजे अनीशची आई, पहिल्यांदा मॅचला आल्या तेव्हा त्यांचा एकच प्रश्न, "टी कधी?" बेसबॉलमध्ये टी नसतो, असं सांगितलं तर त्यांना तो समोरच्या टीमचा कंजूषपणा वाटला. त्यांनी सरळ मैदानाकडेला डबे उघडले. हिरव्या चटणीची सँडविचेस बघून समोरची टीम फील्डिंग सोडून रांगेत उभी राहिली. त्यांच्यामागे अंपायर!

तेव्हापासून आमच्याकडे मॅचच्या मध्यावर चहा होतो. रिकने विरोध केला, पण तोंडात सँडविच असल्यामुळे तो कोणाला नीट कळला नाही.

*

अनीश मात्र हळूहळू खरंच तयार झाला. सगळे हिवाळे त्याने एका शाळेच्या जिममध्ये भिंतीवर बॉल मारण्यात घालवले. त्याला अमेरिकेत मायनर लीग खेळायची होती. म्हणजे मोठ्या लीगच्या खालच्या पायऱ्या. पगार थोडा, बसप्रवास फार, पण वर जायचा रस्ता तोच. काका मात्र एकाही मॅचला आले नाहीत. "चकिंग बघायला मी येणार नाही!"

एकदा मी त्यांच्याकडे जेवायला होतो. अनीश हळूच म्हणाला, "बाबा, माझा कोपर दुखते." काकांनी ताट बाजूला सारलं, तिथेच कोपर तपासलं आणि दोन आठवडे थ्रो बंद केले. त्यानंतर त्यांच्या फ्रीझरमध्ये मटारची पाकिटं कायमची मुक्कामाला आली, कोपर गार शेकायला. काकींची कुरकुर, "घरात एवढे मटार, पण उसळीला हात लावू देत नाहीत!"

ती पाकिटं बघितली की मला काकांबद्दल फार माया वाटायची. त्यांना तसं सांगायची मात्र सोय नव्हती.

*

मागच्या उन्हाळ्यात एका मायनर लीग टीमचा माणूस अनीशला बघायला आला. रिकने स्पष्टच सांगितलं, "तुझं वय बघता हा शेवटचा चान्स. नाहीतर सोमवारी केंब्रिजची नोकरी धर." नोकरी खरंच ठरलेली होती.

आणि जाळीमागे, घडीच्या खुर्चीवर, अंपायरची पांढरी टोपी घालून काका! शेजारी काकी.

अनीशने पहिला बॉल टाकला. काकांचा उजवा हात आपोआप आडवा झाला. काकींनी तो खाली ओढला. दुसऱ्या बॉलला पुन्हा तेच. तिसऱ्यापासून काकींनी हात धरूनच ठेवला. अनीशचे बॉल कोणाला दिसेनात. बॅटर येत होते आणि डोकं हलवत परत जात होते.

मॅच संपल्यावर तो माणूस आमच्याकडे आला. "मुलाला आम्ही नेतोय," तो म्हणाला. "पण मला सांगा, याचा हा थ्रो सगळ्यात आधी कोणी हेरला?"

रिकने हात अर्धा वर केला. मी कॉलर नीट केली.

काका खुर्चीतून उठले, टोपी काढली.

"आय डिड," ते म्हणाले. "इन हिज व्हेरी फर्स्ट ओव्हर!"