दोष कुणात हाय, डॉक्टर?

लग्नाच्या पंगतीत सांगता येत नाहीत आणि सांगितल्याशिवाय राहवत नाही, असले किस्से माझ्याकडं साठत चाललेत. कोल्हापुरात मूल न होणाऱ्या जोडप्यांचा एक दवाखाना आहे, त्याच्या लॅबमध्ये मी संशोधन करतो. शुक्राणू तयार होताना पुरुषाची कुठली जनुकं चालू असतात आणि कुठली गप्प बसतात, हे बघायचं. एवढं सांगेपर्यंत समोरचा जिलेबीकडं वळलेला असतो.

*

मंगळवार पेठेत मुलगी बघायला गेलतो. मुलीच्या वडिलांनी कामाचं विचारलं. मी अभिमानानं सगळं समजावलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "पावणं, ह्या वाटंला सोताच्याच अडचणीनं लागला न्हवं?"

स्थळ गेलं.

*

राधानगरीकडचा एक म्हशीवाला पेशंट होता. त्याला म्हटलं, घरात सगळे बल्ब आहेत, पण काहींची बटणंच दाबली जात नाहीत, तसं तुमच्या जनुकांचं झालंय. उदाहरणावर मी स्वतःच खूश.

त्यानं विचारलं, बटण का दाबलं जात नाही? म्हटलं, तेच तर बरीच वर्षं शोधतोय.

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "म्हंजे तुमीबी अंधारातच की."

*

तुलनेसाठी निरोगी पुरुषांचे नमुने लागतात. कुणी देईना, म्हणून छाती पुढं काढून मीच दिला. डबीवर नाव नव्हतं, फक्त नंबर. दुपारी लॅब चालवणाऱ्या आमच्या मॅडम सूक्ष्मदर्शकातून मान वर काढून म्हणाल्या, "हा पेशंटांच्यातला इकडं कसा आला?"

नंबर माझाच होता. माझ्या तोंडातून निघालं, "मागच्या महिन्यात ताप होता, मॅडम."

प्रत्येक पेशंट हेच म्हणतो आणि मी प्रत्येकाला समजूतदारपणे हसतो. मॅडम तश्शाच हसल्या. पुढं परत तपासलं तेव्हा नमुना ठीक निघाला. पण ते मधले तीन महिने मी कुठल्या पेशंटला हसलो नाही.

*

शाहूवाडीकडची एक सासू मुलाला आणि सुनेला घेऊन आली. लग्नाला सात वर्षं झालेली. सुनेला देवदेवस्की, काढे, सगळं करून झालेलं. आता मुलाचं दुसरं लग्न लावणार, हे म्हातारी सुनेच्या देखतच सांगत होती. सून खाली मान घालून बसलेली.

रिपोर्ट आले. सुनेचं सगळं व्यवस्थित. मुलाच्या नमुन्यात एकही शुक्राणू नाही, आणि कारण जन्मापासूनचं, जनुकांतलं. मॅडमनी सांगायचं काम माझ्यावर टाकलं. म्हातारी भांडणार म्हणून मी पाठ करून गेलतो. अडखळत का होईना, सगळं सांगितलं.

म्हातारी भांडली नाही.  सुनेकडं वळून, मी कधी ऐकला नव्हता इतक्या मऊ आवाजात तिनं विचारलं, "मग आता तू दुसरं लगीन करतीस व्हय गं?"

सुनेनं पहिल्यांदाच मान वर केली.

"इचार करून सांगतो, आत्याबाई."