चहानंतर बघू

प्रशिक्षणाचं पत्र आलं की लग्नपत्रिका आल्यासारखा ज्यांना आनंद होतो, असे शिक्षक उभ्या नगर जिल्ह्यात एकच आहेत, आणि ते नेमके माझे साडू आहेत. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजी म्हणतो. ते पाथर्डीच्या बाजूला एका गावात इतिहास शिकवतात, मी इकडे राहात्याला गणित. बाकीच्या शिक्षकांचं काय सांगायचं? पत्रात नाव दिसलं की कुणाची कंबर धरते, कुणाच्या सासूबाईंचं दुखणं उलटतं, कुणाला आपण मतदारयाद्यांच्या कामावर असल्याचं एकदम आठवतं. दाजींचं नाव नसलं, तर ते स्वतः पंचायत समितीत जाऊन उभे राहतात आणि अत्यंत नम्रपणे म्हणतात, "साहेब, माझं नाव टाईप करायचं राहिलं वाटतं." साहेब वैतागून नाव घालतात. आता नुसत्या इतिहासाची प्रशिक्षणं निघून निघून किती निघणार? म्हणून दाजी मिळेल त्याला जातात. विज्ञानाला गेले, परसबागेला गेले, एकदा तर शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावश्यांच्या प्रशिक्षणात जाऊन बसले. मावश्या बिचाऱ्या पदर सावरून ताठ बसल्या; त्यांना वाटलं, चव बघायला वरून कुणीतरी आलंय.

प्रत्येक प्रशिक्षणाच्या शेवटी एक क्षण येतो. मार्गदर्शक घड्याळ बघतात आणि विचारतात, "काही शंका?" त्या क्षणी सभागृहात जी शांतता पसरते, ती शोकसभेतही मिळत नाही. ही शांतता पाळणं हा आम्हा शिक्षकांचा धर्म आहे. कुणाला पाचची एसटी गाठायची असते, कुणाची गाय धारेला खोळंबलेली असते. तेव्हा शंका असली तरी गिळायची, ही आपसातली माणुसकी. आणि अशा त्या पवित्र शांततेत पहिल्या ओळीतून दाजींचा हात वर जातो. मागून सुस्कारे ऐकू येतात. दाजी उठतात, सदऱ्याची खालची बाजू ओढून नीट करतात आणि विचारतात. विज्ञानाच्या प्रशिक्षणात भिंगातून प्रकाश कसा वाकतो हे सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं होतं, "सर, हे भिंग आपल्याकडं पहिल्यांदा आनलं कुनी?" मावश्यांच्या प्रशिक्षणात विचारलं, "मिरची परदेशातनं आली म्हनतात. मग तिच्या आदी आपल्या कालवनात तिखट काय घालीत हुते?" यावर साऱ्या मार्गदर्शकांचं उत्तर ठरलेलं असतं. "छान प्रश्न आहे सर. आपण चहानंतर बघू." आणि चहानंतर मार्गदर्शक गाडीत बसलेले असतात. माझ्या माहितीप्रमाणे दाजींच्या आयुष्यातली एकही शंका चहाच्या पलीकडे गेलेली नाही. तरी त्यांचा हात पुढच्या वेळी पुन्हा वर जातोच.

प्रशिक्षण त्यांच्या अंगात इतकं मुरलंय की घरातही ते सुटत नाही. तिथे मिळालेल्या फायलींतच त्यांच्या घरची लाईट बिलं राहतात, आमच्या लग्नाच्या वाढदिवसाचा आहेरही आम्हाला तशाच एका निळ्या फायलीतून मिळाला. त्यांच्या पिशवीत तक्त्यांची भेंडोळी आणि रंगीत स्केचपेनं कायम. एका दिवाळीला सगळे जमलो असताना ते फराळाआधी उभे राहिले आणि टाळी वाजवून म्हणाले, "चला, चार गट करा. प्रत्येक गटानं आपल्या घरान्याचा इतिहास तक्त्यावर मांडायचा." अक्का, म्हणजे माझी मोठी मेहुणी, आतून ओरडली, "आदी चकल्या तळू द्या, मग मांडा घरानं." तरी आम्ही गट केले. माझ्या सासऱ्यांनी त्या दिवशी आपल्या आजोबांची जी गोष्ट सांगितली, ती घरात कुणीच कधी ऐकली नव्हती. अक्का मला एकदा म्हणाली, "भावजी, आमच्या लग्नात भटजींनी काही शंका म्हनून विचारलं न्हाई, हे माझं नशीब. न्हाईतर अक्षता हातातच ऱ्हायल्या असत्या."

या सगळ्याला आम्ही हसतो, आणि दाजीही हसतात. पण त्यांची एक दुखरी जागा आहे. आमच्या शाळांत इतिहास कोण शिकवतं, तर ज्याचा तास रिकामा असेल तो. कवायतीचे सर शिकवतात, चित्रकलेच्या बाई शिकवतात, आणि वेळापत्रकात भोक पडलं म्हणून आता सातवीचा इतिहास मीही शिकवतो. कुणा मुख्याध्यापकांनी दाजींना एकदा सांगितलं, "इतिहासाला काय लागतं? वाचता आलं की झालं." दाजी ते आजतागायत विसरलेले नाहीत. मला म्हणाले, "पाव्हणं, तुमाला कुनी म्हनतं का, आकडे वाचता आले की गनित झालं? मला इतकी वर्षं झाली, अजून सातवीच्या पोरांपुढं उभं ऱ्हायलो की वाटतं, आपल्याला काहीच येत न्हाई. म्हनून जातो मी. कुनीतरी सांगंल, ह्या आशेनं जातो." एवढं बोलून ते पिशवीतली तक्त्यांची भेंडोळी नीट करू लागले, आणि मला फार वाईट वाटलं.

गेल्या वर्षी नगरला इतिहासाचं जिल्ह्याचं प्रशिक्षण लागलं आणि सातवीचा तास असल्यामुळे मलाही जावं लागलं. पहिल्याच दिवशी तिथल्या साहेबांनी सांगून टाकलं की लोक थांबत नाहीत, जेवण झालं की निम्मं सभागृह रिकामं होतं. या वेळीही तसंच झालं, तर पुढल्या वर्षीपासून इतिहासाचं प्रशिक्षण बंद, मोबाईलवर व्हिडिओ पाठवले जातील, घरी बसून बघा. सभागृहात आनंदाची एक हलकी लाट उठली. दाजींचा चेहरा मात्र उतरला. व्हिडिओला शंका कशी विचारणार? त्यात शेवटच्या दिवशी पुण्याहून येणारे तज्ज्ञ यायचे रद्द झाले. जेवणानंतरचा तास मोकळा पडला, आणि मसालेभात, वांग्याची भाजी नि जिलेबी खाऊन सुस्तावलेल्या लोकांसमोर उभं राहायला कुणी तयार होईना. तेव्हा साहेबांची नजर पहिल्या ओळीत गेली. म्हणाले, "मास्तर, तुम्ही घेता का?" ज्यांनी सगळा जन्म समोर बसून काढला, त्या माझ्या साडूंना असा ध्यानीमनी नसताना माईक मिळाला. 

साहेबांनी लोक थांबावेत म्हणून नेहमीची युक्ती सुचवली, की हजेरीच्या सह्या शेवटी घेऊ. दाजी म्हणाले, "न्हाई साहेब, आत्ताच घ्या. बांधून ठेवलेल्या मानसाला मी काय सांगनार?" मी कपाळाला हात लावला. सह्या झाल्या. कोपरगाव, राहाता, अकोले तालुक्यांतली बरीच मंडळी पिशव्या उचलून माळीवाड्याच्या स्टँडकडे निघाली. जे उरले ते दारापाशी सरकून बसले. इतिहासाचं प्रशिक्षण राहणार की जाणार, हे आता या सुस्तावलेल्या लोकांवर होतं, आणि मला दाजींकडे बघवेना.

खरं सांगायचं तर दाजी बरे बोलले नाहीत. वाक्यं अर्धवट राहिली, तक्ता उलटा लागला, आणि मोठ्या घाईघाईत त्यांनी आपलं भाषण आटोपलं. ती घाई कशाची हे सभागृहात फक्त मला कळत होतं. त्यांना त्या एका जागेशी लवकर पोचायचं होतं. पोचले. सदरा ओढून नीट केला, सगळ्यांकडे बघून हसले आणि विचारलं, "काही शंका?"

आणि ती शांतता पसरली. इतकी वर्षं जी शांतता एकट्या दाजींनी मोडली, ती मोडायला आता दाजीच समोर नव्हते, ते वर उभे होते. पंखे फिरत राहिले. दाजींचं हसू तसंच होतं, पण हळूहळू ते नुसतं ओठांवर उरलं. मी डोकं खाजवलं. एरवी रस्त्यात म्हैस आडवी आली तरी मला दहा प्रश्न पडतात, त्या वेळी एक सुचेना. तेवढ्यात दारापाशी, पिशवी खांद्याला लावून उभ्या असलेल्या एका बाई म्हणाल्या, "सर, शंका न्हाई. अडचन हाय."

त्या बाई शेवगावकडच्या, मूळच्या चित्रकलेच्या. म्हणाल्या, "दिवाळी झाली की आमचा निम्मा वर्ग आईबापासंगं ऊसतोडीला जातो. पोरं जातात तवा महाराज लहान असतात, आन परत येतात तवा राज्याभिषेक झालेला असतो. मदलं समदं ऱ्हातं. ह्या पोरांना मी कुठनं सुरू करू?"

साहेब मागून म्हणाले, "छान प्रश्न आहे बाई, आपण चहानंतर–"

"चहानंतर न्हाई साहेब," दाजी म्हणाले. त्यांना साहेबांचं बोलणं तोडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मग ते बाईंकडे वळले. "बाई, मला म्हाईत न्हाई. पन आत्ताच बघू."

त्या व्यासपीठावरून 'मला माहीत नाही' हे कुणी कधी म्हटलेलं नव्हतं. लोक दचकून सरळ बसले. आणि मग एसटी चुकली म्हणून परत आलेले कोपरगावचे एक सर दारातूनच म्हणाले, "बाई, ती पोरं आमच्याकडंच येतात. साखर फॅक्टरीच्या मागं त्यांच्या पाचटाच्या कोप्या पडतात. शाळेत मागच्या बाकावर येऊन बसतात. आम्हाला वाटतं, यांचं गावाकडं शिकून झालं असंल."

"आन आमाला वाटतं, फॅक्टरीकडं झालं असंल," बाई म्हणाल्या.

त्याच पोरांचे दोन मास्तर, आणि आजपर्यंत एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. त्यानंतर सगळे एकदम बोलायला लागले. पाथर्डीच्या लोकांनी विचारलं, तुमच्या गावाला कोणत्या भागातली ऊसतोडीची टोळी येते. आमच्या बाजूचे लोक त्यांची गावं सांगू लागले. कवायतीचे एक सर खुर्च्या ओढून पाथर्डी-शेवगावकडचे आणि कारखान्याकडचे लोक जोडीजोडीने बसवत होते. चहा आला, टेबलावर ठेवला गेला आणि तिथेच गार झाला. दाजी माईक बंद करून खाली आले आणि आपल्या पहिल्या ओळीतल्या खुर्चीवर बसून नुसते ऐकत राहिले. साहेब निघताना त्यांच्यापाशी थांबले आणि म्हणाले, "ठेवू मास्तर पुढच्या वर्षी. दोन दिवस जास्तीचे ठेवू." दाजी लगेच उठून म्हणाले, "साहेब, एक शंका." तेव्हा मात्र सगळं सभागृह हसलं, आणि साहेब परत खाली बसले.

दाजी आता लवकरच निवृत्त होतील. अक्का म्हणते, मग माझ्यावर प्रशिक्षणं घेतील. मला त्या पहिल्या ओळीतल्या खुर्चीची काळजी वाटते. तिथे दुसरं कोण बसणार, कोण हात वर करणार, हे मला अजून दिसत नाही. पण आता दिवाळी सरली की माझ्या मोबाईलवर त्यांचा निरोप येतो. या वर्षी आला तो असा: "पाव्हणं, आमची टोळी तुमच्याकडं निघाली. गोष्ट आग्र्यापर्यंत आनलीय. फुडं तुमी न्या."

दोनचार दिवसांनी सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर एक नवी मुलगी येऊन बसली. उसाच्या पाचटाने हात कापलेले, मान खाली. एरवी मी तिचं नाव विचारून पुढे गेलो असतो. त्या दिवशी मी पुस्तक मिटलं आणि तिला विचारलं, "सांग बरं बाळ, महाराज आत्ता कुठं आहेत?"

तिने मान वर केली. वर्ग वळून बघत होता. ती हळूच म्हणाली, "पेटाऱ्यात हायेत, गुर्जी."

मी खुर्ची तिच्या बाकाजवळ नेली, आणि आम्ही दोघांनी मिळून महाराजांना बाहेर काढलं.