माशाला सलाईन

आमच्या व्यंकटला थांबणं म्हणजे काय, ते देवानं शिकवलंच नाही. हा माझा धाकटा मुलगा. हुलसूरच्या बसस्टँडामागं त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली पाण्याची मोटार सकाळी आणून टाका, सांजच्याला ती फिरवून दाखवणार. त्या धंद्यात घाई खपते, गिऱ्हाईक खूश होतं. बाकी जगात मात्र घाईनं त्याला फार नडवलं. लहानपणी मी भुईमूग पेरला की हा रोज एखादं झाड उपटून बघायचा, शेंगा धरल्या का म्हणून. नसतील धरल्या तर ते परत मातीत खोचायचा आणि मला येऊन सांगायचा, "अप्पा, आणखी न्हाई." लग्नात तर शेवटचं मंगलाष्टक चालू असतानाच त्यानं अंतरपाटावरून रेणुकाच्या गळ्यात हार टाकला. भटजी तोंड उघडं ठेवून तसेच उभे. मांडवातली म्हातारी माणसं चिडली. रेणुका मात्र पदरात हसत होती, ते मी बाजूनं पाहिलं.

अशा माणसाला खाऱ्या पाण्यातल्या माशाचं वेड लागलं.

गेल्या साली हैदराबादला रेणुकाच्या मावसभावाचं लग्न होतं. त्या हॉलच्या दारातच भिंतीएवढी काचेची टाकी, आत समुद्राचं पाणी आणि रंगीबेरंगी मासे. आता आमच्याकडं समुद्र कुणी पाहिलाय? मी मांजरा नदी पाहिली. पुतणी अफजलपुरात दिली तेव्हा भीमेचा पूर पाहिला. त्या पुरात एका म्हशीच्या पाठीवर कोंबडा बसून गेला, तो किस्सा वेगळाच आहे, पण समुद्र काही पाहिला नाही. तर पंगत बसली, पंगत उठली, आणि व्यंकट आपला काचेपुढं. रेणुका जेवायला बोलवायला गेली तर म्हणाला, "थांब जरा."

हे दोन शब्द त्याच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकले. रेणुकानं माझ्याकडं वळून पाहिलं. म्हणाली, "मामा, ह्यांना बरं न्हाई काय?"

गावी आल्यावर त्यानं टाकी आणायचं काढलं. गोड्या पाण्यातले मासे त्यानं आधी एकदा पाळले होते. पिशवी फाडली, मासे नळाच्या पाण्यात ओतले, आणि दिवस मावळायच्या आत सगळे उताणे. त्यामुळं रेणुका लगेच आडवी आली. शिवाय टाकीच्या पंपाला इन्व्हर्टर लागतो म्हणून ह्यानं बैठकीतला जो कोपरा धरला, तोच तिला पाहिजे होता. ती ब्लाउज शिवते. तिच्या मशीनला मोटार आहे, आणि इन्व्हर्टरची लाइन घरात त्या एकाच कोपऱ्यात. लाइट गेली की तिचं काम बंद. दुसऱ्या भिंतीला लाइन ओढायची तर भिंत पडली दगडाची. गावभर वायरी ओढणाऱ्या माणसाला घरच्या भिंतीपुढं दम नव्हता.

शेवटी माझ्यासमोर ठराव झाला. व्यंकट म्हणाला, "पहिला मासा जगला, खायला लागला, तर टाकी ऱ्हाईल. मेला तर त्याच दिवशी टाकी काढतो. कोपरा तुझा."

"शब्द फिरवाल."

"अप्पा हाईत की साक्षीला."

टाकी टेंपोनं आली. आणि पहिलीच चूक अशी झाली की ती आमच्याच गावची माणसं करू जाणोत. आमच्या गल्लीत एक खारी बोअर आहे. तिच्या पाण्यानं डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बैलसुद्धा एकदा तोंड लावून मालकाकडं बघतो. व्यंकटला वाटलं, खारं ते खारं! घागरींनी टाकी भरली. गल्लीतले लोक इतके खूश, की बाबा, ह्या बोअरचा कुणाला तरी उपयोग झाला. आमची शेजारीण सिद्धव्वा तर म्हणाली, "शिव शिव, आमच्या दारात समुद्र होता आणि आम्हाला ठाऊक न्हाई!" मग ह्यानं हैदराबादच्या दुकानदाराला मोठ्या आनंदानं फोन लावला. पलीकडचा माणूस एवढा हसला की मला लांबून ऐकू आलं.

"अजी मियाँ, बोर का खारा अलग, समंदर का खारा अलग! मछली पालते की मारते?"

टाकी रिकामी झाली. मग फिल्टरच्या पाण्याचे जार आले, समुद्री मिठाच्या पिशव्या आल्या, खारटपणा मोजायची नळी आली, समुद्रातले भोकाभोकांचे दगड आले. आणि सगळं जमल्यावर दुकानदारानं सांगितलं, आता मासा नक्को. आधी पाणी तयार होऊ द्या. दगडात, वाळूत डोळ्याला न दिसणारे जीव वाढतात, ते माशाची घाण पचवतात. ते वाढेपर्यंत रिकामी टाकी बघत बसायचं.

"रिकामी टाकी?" व्यंकट मला म्हणाला. "अप्पा, लोक काय म्हणतील?"

लोक म्हणालेच. दगड पाळलाय म्हणाले. वाढलाय काय म्हणून विचारायचे. बाटलीत टाकीचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, हिरवा रंग आला तर पाणी कच्चं आणि पिवळा आला तर तयार, अशी तपासणी होती. हा रोज करायचा. हिरवा आला की बाटली उजेडात धरून मला विचारायचा, "पिवळं दिसायलंय न्हवं?" मी होकार द्यायचो. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू, मला सगळंच पिवळं. रेणुका आतून ओरडायची, "हिरवं हाय! मामाला फसवू नका!" बाई घरात लोणचं घालते, तिला मुरणं म्हणजे काय ते कळतं.

एकदाचं पिवळं आलं. व्यंकट पहिल्या बसनं हैदराबादला गेला आणि फुगवलेल्या पिशवीत एक मासा घेऊन आला. नारंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे, बोटाएवढा. पट्टे असे की बँडवाल्याचा कोट शोभावा.

आता पिशवी फाडून सोडायचं नव्हतं. आधी बंद पिशवी टाकीत तरंगत ठेवायची, म्हणजे गारवा-ऊब सारखी होते. मग मासा त्याच्या पाण्यासकट बादलीत घ्यायचा आणि टाकीचं पाणी त्यात थेंबाथेंबानं सोडायचं. सुनेला नव्या घराचं एकेक कळू द्यावं तसं. थेंबासाठी व्यंकटनं औषधाच्या दुकानातून सलाईनची नळी आणली. चाक फिरवलं की थेंब कमीजास्त होतात. बादली खाली, टाकी वर, मध्ये नळी, आणि टपटप सुरू.

तेवढ्यात सिद्धव्वा आली. दारातच थबकली.

"अय्यो! माशाला सलाईन लावलाय?"

"व्हय," मी म्हणालो. "हैदराबादहून आलाय. अंगात ताकद न्हाई."

ती वळली ती थेट घरी गेली आणि बिस्किटाचा पुडा घेऊन आली. आजाऱ्याला बघायला रिकाम्या हातानं कसं यायचं? तिच्या मागोमाग गल्लीतल्या दोघीतिघी आल्या. एकीनं मीठमोहऱ्या उतरवायचं काढलं. रेणुका म्हणाली, "मावशी, मीठ नको. त्याचं मोजून घातलंय."

ह्या गडबडीत व्यंकटचा हात नळीच्या चाकाकडं गेला. थेंबांची धार झाली. रेणुकानं त्याच्या हातावर चापट मारून चाक फिरवलं. "हळू सांगितलंय न्हवं?"

"मेल्यावर तुझंच भलं हाय. तू कामून राखायलीस?"

"मी जिंकंन तर सरळ जिंकंन," ती म्हणाली.

शेवटी मासा वाटीत उचलून टाकीत सोडला, बादलीचं पाणी बाहेर फेकलं. मासा क्षणभर मधोमध थांबला आणि सुळकन दगडामागं गेला. गेला तो गेलाच. टाकीचा दिवा बंद ठेवला, कुणी काचेवर टिचकी मारली नाही, तरी तो दिसेना. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. व्यंकटनं सदऱ्याची बाही वर केली आणि हात पाण्यात घातला.

"काय करायलाव?" रेणुका.

"दगड उचलून बघतो. मेला असंल तर पाणी नासंल."

"आणि जिता असंल तर? दगड निसटला, त्याच्यावर पडला तर? हात काढा."

"अगं पण..."

"मेला असंल तर माझी मशीन येणार. मला घाई न्हाई, तर तुम्हाला कामून?"

व्यंकटनं हात बाहेर काढला. ओल्या हातानंच चप्पल घातली आणि दुकानाला गेला. कोपऱ्याचं सोडा, ह्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा कशाची तरी एवढी वाट बघितली होती.

रेणुका टाकीपुढं खाली बसली. ब्लाउजला हातानं हुका लावू लागली. मी जपमाळ घेऊन पलीकडं. बराच वेळ गेला. मग ती ओठ न हलवता म्हणाली, "मामा, हलू नका."

दगडाच्या भोकातून नारंगी तोंड बाहेर आलं होतं. आत गेलं. परत आलं, आणि अर्धं अंग.

तिनं बसल्या जागी फोन लावला. "या. गाडी लांबच लावा. चपला बाहेर काढा."

व्यंकट आला तो चपला हातात घेऊन, भिंतीला धरून, चवड्यावर. रेणुकानं सरकून जागा दिली, माशाच्या खाण्याची डबी त्याच्या हातात ठेवली आणि कानात म्हणाली, "चिमूटसुद्धा न्हाई. दोन दाणे." त्यानं दोन दाणे सोडले. ते तरंगत खाली आले. मासा बघत राहिला. एक दाणा वाळूवर पडला. दुसऱ्याकडं तो झेपावला, तोंडात घेतला, थुंकला, परत घेतला. आणि गिळला.

व्यंकटनं बायकोकडं पाहिलं. डोळ्यात पाणी होतं गड्याच्या.

"ऱ्हाऊ द्या टाकी," रेणुका म्हणाली. "पण त्या भिंतीला लाइन पाहिजे मला."

"आत्ता ओढतो!" तो ताडकन उठला, ड्रिल काढलं, वायर प्लगला लावली.

"आत्ता न्हाई! एवढा आवाज झाला तर मासा भेदरंल की!"

मग त्या दगडी भिंतीत त्यानं हातानं खाच पाडली, छिन्नीवर फडकं गुंडाळून, रोज सकाळी थोडी थोडी. मध्येच उठून टाकीत डोकवायचा. दुकानात मोटारी साचल्या. एक दिवस एक शेतकरी वैतागून थेट घरी आला आणि दारातून ओरडला, "व्यंकटराव, ऊस वाळायलाय माझा, मोटार कधी देताव?"

व्यंकट टाकीपुढं उकिडवा बसला होता. मागं न बघता त्यानं हातानंच खूण केली, "वरडू नका मालक, बसा घडीभर. मासा जेवायलाय."