वरातीच्या वेगाचे प्लग

माझ्या गाडीला सावकाश चालता येत नसे. दोष तिचा नव्हे, माझाच. ऐंशीच्या दशकात मुलुंडमध्ये राहणाऱ्या एका कारकुनाला दोन कार्बुरेटरची गाडी कशाला हवी होती, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. एक जुनी, गरीब स्वभावाची गाडी घेतली आणि दोन वर्षांत तिची पार नटी करून टाकली. पेट्रोल जास्त पाजायला दुसरा कार्बुरेटर चढवला, इंजिनाचं हेड घासून घेतलं, सायलेन्सर मोठ्या तोंडाचा बसवला आणि शर्यतीच्या गाडीचे चार स्पार्क प्लग कुणाच्या तरी मामाकरवी दुबईहून मागवले. सकाळच्या मोकळ्या हायवेवर ती अशी सुटायची की मी एकटाच मोठ्यानं हसायचो.

आणि याच गाडीतून धाकट्या बहिणीची वरात न्यायचं मी कबूल करून बसलो.

वरात म्हणजे हॉलपासून नवऱ्यामुलाच्या घरापर्यंत मैलभर, बँडच्या मागे, माणसाच्या चालीनं. हे डोक्यात शिरलं ते लग्नाला आठ दिवस उरले तेव्हा. लगेच रंगीत तालीम ठेवली. बहीण पुढे हात हलवत बँडमास्तर होऊन चालली, मागून मी गाडीत. सोसायटीला दोन फेऱ्या झाल्या, तिसऱ्या फेरीत इंजिनाला उचक्या लागल्या आणि गाडी गप्प झाली. गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. मी उतरून वाकून नमस्कार केला आणि बॉनेट उघडलं.

"टॅक्सी सांगून ठेवतो," वडील म्हणाले.

"मी दादाच्याच गाडीतून जाणार," बहीण म्हणाली. "नाहीतर चालत."

"शालू नेसून?"

"चप्पल घालून."

चारही प्लग काढले. टोकं काळी ठिक्कर. बोटावर घासून बघितलं, कोरडी काजळी. ओलं, चकचकीत काळं असतं तर तेल वर येतंय, पिस्टनच्या रिंगा गेल्या असं समजायचं. तसं नव्हतं. पेट्रोलनं धुऊन, तारेच्या ब्रशनं घासून परत लावले. पुन्हा दोन फेऱ्या, पुन्हा काजळी. त्या आठवड्यात मला बसवत नव्हतं, झोपवत नव्हतं. ऑफिसातही खिशात रुमालात गुंडाळलेला एक प्लग असायचा आणि साहेब बोलत असताना मी तो टेबलाखाली चाचपत राहायचो.

शेवटी घाटकोपरच्या म्हाताऱ्या मेकॅनिककाकांकडे गेलो. त्यांनी प्लग उजेडात धरला, मग मला न्याहाळलं.

"झिला, हे रेशीचे प्लग. तू रेस खंय लावतंस, भाजी मार्केटात?"

"चांगले आहेत ना, काका?"

"चांगलेच आसत. पण थंड. काजळी जाळूक ऊब होयी. हळू चाललंस की ह्यांका ऊब गावना नाय."

म्हणजे असं, की शर्यतीचा प्लग स्वतःची उष्णता झटपट सोडून देतो, भरधाव इंजिनात वितळू नये म्हणून. हळू गाडीला याच्या उलट हवा, ऊब धरून ठेवणारा, आपली काजळी आपणच जाळणारा. त्यांनी दोन्ही कार्बुरेटर पिळून पेट्रोल कमी केलं आणि कागदावर गरम प्लगचा नंबर लिहून दिला.

तो नंबर घेऊन मी मालाड पालथं घातलं, बोरीवली पालथी घातली. शनिवारी अंधेरीत एका दुकानात मिळाले. तीन.

"चौथा काल स्कूटरवाला घेऊन गेला," दुकानदार शांतपणे म्हणाला. मला त्या अनोळखी स्कूटरवाल्याचा मनापासून राग आला.

आता तीन गरम, एक थंड. थंड कुठे बसवायचा? जुने चारही प्लग ओळीनं वर्तमानपत्रावर मांडले. चौथ्या सिलिंडरचा जरा कमी काळा होता, म्हणजे तिथे ऊब जास्त. मग घासूनपुसून तोच परत चौथ्यात. बहीण मेंदीचे हात वर धरून बघत होती.

"चालेल?"

"चालेल," मी म्हणालो. तिला माझं खोटं लहानपणापासून कळतं.

वरात निघाली. बॉनेटवर झेंडू, पुढे बँड, मागच्या सीटवर नवरा-नवरी. पहिला चौक झकास गेला. दुसऱ्या चौकात नवऱ्याचे मित्र नाचायला लागले ते थांबेचनात. पंधरा मिनिटं आम्ही एका जागी. माझा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर सारखा खाली-वर होत होता, इंजिन बंद पडू नये म्हणून. आणि मग पायाखाली तो धक्का आला, हलकासा, ठरावीक अंतरानं.

मागून बहीण ओठ न हलवता पुटपुटली, "दादा, एक गेला ना?"

"गेला."

"काय गेलं?" जावईबापू दचकले.

"काही नाही हो. दादा नाचतोय."

तीन सिलिंडरवर आम्ही कसेबसे दारात पोहोचलो. ती उतरली, माझ्याकडे बघून एकदा हसली आणि बायकांच्या घोळक्यात शिरली. आता माप ओलांडणार होती. मी आत जायचं तर इंजिन बंद करायचं, आणि बंद केलं की ते परत सुरू होणार नाही हे मला ठाऊक होतं. तिच्या सासरच्या माणसांसमोर, त्या गल्लीत.

दोनदा किल्लीला हात लावून मागे घेतला. आत कुणीतरी म्हणालं, "सरका, सूनबाईला वाट द्या."

मी किल्ली फिरवली आणि पळालो. वेळेवर पोहोचलो. मापातले तांदूळ उंबऱ्याआत सांडले, एवढंच बघायचं होतं.

गाडी अर्थातच सुरू झाली नाही. नवऱ्याच्या चार काकांनी फेटे काढून गल्लीच्या टोकापर्यंत ढकलली. त्यातल्या थोरल्यांनी घाम पुसत विचारलं, "दोन कार्बुरेटर म्हणे?"

"हो," मी म्हणालो, "फार पळते."