सरजाबाई आणि न जेवणारी अर्पिता

सरजाबाई शाळेत साडेनऊलाच येतात. शाळा भरते दहाला, पण तांदूळ स्वतः निवडल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. चाळणीवर वाकून त्या एकेक खडा वेचतात आणि सरकारला, गोदामवाल्याला, ट्रकवाल्याला आणि कधीकधी मलाही शिव्या घालतात. मी मुख्याध्यापिका आहे, म्हणजे दोन शिक्षकांच्या शाळेत जी खुर्चीवर बसते ती. त्यामुळे शिव्यांतला माझा वाटा मी मुकाट्याने घेते.

आमचं गाव ताडकळसपासून आठेक किलोमीटरवर. सोळाव्या वर्षी लग्न होऊन सरजाबाई इथल्या बौद्धवाड्यात आल्या. कापूस वेचला, सोयाबीन काढलं, मुलगा सिद्धोधन याला शिकवून नांदेडला नोकरीला लावलं. चौदा वर्षांपूर्वी शाळा समितीने त्यांना पोषण आहार शिजवायला घेतलं. त्या पहिल्या वर्षी पाच पोरं घरून डबा आणायला लागली. एकाचा बाप तर जेवणाच्या सुट्टीत फाटकाशी उभा राहून पोराला घरी घेऊन जायचा. मी तेव्हा या शाळेत नव्हते. सरजाबाईंनीच मला हे सांगितलं, भाजी चिरता चिरता, आवाज न चढवता. त्या पाच पोरांची नावं मात्र त्यांना आजही पाठ आहेत.

पुढे सगळी पोरं खायला लागली. डब्याची ती पोरं आता मिशा फुटून मोटारसायकली उडवतात आणि सरजाबाई रस्त्यात दिसल्या तर "मावशी" म्हणून हाक मारतात. गाव सुधारलं, असं आम्ही सगळे म्हणतो. कुणाच्या मनात काय आहे हे कुणी कुणाला विचारत नाही, म्हणून ते सुधारलेलं राहतं, असं माझं मत आहे. पण ते मी कधी मीटिंगमध्ये मांडलेलं नाही.

यंदा जूनमध्ये चंद्रभान आबांची नात पहिलीत आली. अर्पिता. गुबऱ्या गालांची, बोलकी, हातात सतत काहीतरी खायचं. तिचं नाव अंगणवाडीत होतं, पण पोरगी कायम रानात, आजोबांच्या मागे मागे. जूनमध्ये आम्ही पोरांची वजनं घेतली तेव्हा ती सतरा किलो भरली. ऑगस्टमध्ये सोळा. सप्टेंबरात साडेपंधरा. स्कर्टला पिना लावायची वेळ आली आणि गाल कुठे गेले ते कळेना.

तिची आई रोहिणी दोनदा येऊन रडून गेली. "सकाळी चहासंगं दोन टोस्ट खाती मॅडम, बास. शाळेतून आली की आडवी व्हती. दिवस मावळायच्या आत झोपती, रातच्याला उठवलं तर घास तोंडात धरून तशीच झोपती." जंताची गोळी झाली, टॉनिक झालं, मिरच्या ओवाळून झाल्या. तपासणीला आलेल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, आजार काही दिसत नाही, पोटात अन्न जात नाही एवढंच. आणि असंच चालू राहिलं तर मात्र दवाखान्यात ठेवावं लागेल. हे ऐकल्यावर रोहिणी म्हणाली, "मंग शाळाच नको. दिवाळीनंतर न्हाई धाडत मी तिला. लेकरू राहिलं तर शाळा."

तिचं चुकलं असं मी म्हणू शकले नाही.

शाळेत काय घडायचं ते मी रोज बघत होते. पोरं व्हरांड्यात पट्टीवर रांगेत बसायची. प्रत्येकाचं ताट वेगळं, आपापल्या ताटात बघून जेवायचं, हा माझा नियम. अर्पितापुढे खिचडी आली की ती छान घास करायची. मग तो हातात धरून इकडेतिकडे बघत राहायची आणि परत ताटात ठेवायची. पुन्हा घास, पुन्हा तेच. दोन-चार शितं पोटात जायची तेवढीच. सुट्टी संपली की ताट कुत्र्याला.

सरजाबाई हे स्वयंपाकखोलीच्या दारातून बघायच्या. जुलैमध्येच एकदा मला हळूच म्हणाल्या, "मॅडम, त्या पोरीला घरून सांगून धाडलेलं हाय. घास हातात घेती, पण तोंडात घालू वाटंना तिला. मला वळखू येतंय. चौदा साल झाले, पण वळखू येतंय."

मी म्हणाले, "बघू."

या "बघू"ची मला आज लाज वाटते. मलाही तोच संशय होता. चंद्रभान आबा म्हणजे जुन्या वळणाचा माणूस, बोलायला गोड, पण कुणाच्या दारात किती पावलं जायचं हे मोजून ठेवलेला. पण विचारायचं कसं? विचारलं की गावात दोन बाजू पडणार, पंचायत बसणार, सरजाबाईंचं काम चव्हाट्यावर येणार. मी गप्प बसले, आणि मी गप्प बसले म्हणून सरजाबाईंचा संशय पक्का झाला. आमच्या दोघींच्या शहाणपणात पोरगी दीड किलोने उतरली.

रोहिणी शाळेतून काढायचं म्हणाली, तेव्हा कुठे मी आबांना बोलावणं धाडलं. ते दुसऱ्याच दिवशी साडेबाराला आले. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, हातात नातीसाठी केळी. मी आधी पाऊसपाणी विचारलं, मग सोयाबीन विचारलं, आणि मग म्हणाले, "आबा, घरात तिला कुणी काही सांगितलंय का? म्हणजे, इथलं खाऊ नको वगैरे?"

त्यांना तत्क्षणी कळलं. त्यांनी स्वयंपाकखोलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांचा आवाज एवढा चढला की दुसरीची पोरं पाढे म्हणायची थांबली.

"सहा वर्साच्या लेकराला उपाशी मारीन का मी? असल्या गोष्टीपायी? आमी जुने असू मॅडम, कसाई न्हाईत!" आणि मग टेबलावर बोट आपटून, "अन् तुमी खाता का हो, त्या बाईच्या हातचं?"

खरं सांगते. मी परभणीहून डबा आणते. पोरांना वाढायच्या आधी शिक्षकाने चव घ्यायची असा नियम आहे, त्याचं रजिस्टर आहे, आणि त्यात रोज "चव उत्तम" लिहून माझी सही आहे. मी एकदाही चव घेतलेली नाही. मला पित्ताचा त्रास आहे, असं मी स्वतःला सांगत आले होते. दारात सरजाबाई उभ्या होत्या. त्यांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हे मला त्या घटकेला समजलं.

आबाच शेवटी निवळले. खाली बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "रानात लय चांगली जेवायची वो. दुपारी भाकर सोडली की माझ्याच ताटात बसायची. पहिला घास मला द्यायची, मंग सोता खायची. मी न्हाई खाल्ला तर तीबी न्हाई खायची. लहानपणापासूनची खोड हाय तिची. आता दुपारी मी रानात अन् ती हितं."

मी मान डोलावत होते. मला काहीच उमगलं नव्हतं. दारातून सरजाबाई म्हणाल्या, "मंग हितं ती घास कुणाला देनार?"

पोरीने तीन महिने रोज घास करून हातात धरला होता.

जेवणाची सुट्टी झालीच होती. मी म्हणाले, "आबा, आज बसा तिच्याजवळ." ते उठले, व्हरांड्यात गेले, पट्टीवर मांडी घालून बसले. अर्पिताचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. सरजाबाईंनी खिचडी वाढली. पोरीने घास केला, फुंकर घातली आणि आजोबांच्या तोंडासमोर धरला.

आणि तेव्हा आबांच्या लक्षात आलं, ते काय करून बसलेत. माझ्याही तेव्हाच आलं. सत्तर वर्षांचा माणूस. बौद्धवाड्यात लग्नाला गेला तरी पान-सुपारी घेऊन परतणारा. समोर खिचडी, ती शिजवणारी बाई चार हातांवर पळी घेऊन उभी, आणि नातीचा हात तोंडाशी. आत्ताच ते माझ्यावर एवढे ओरडले होते, आणि खोटं ओरडले नव्हते. पोरीला त्यांनी खरंच काही सांगितलेलं नव्हतं. पण स्वतःचं काय, हे त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"घे की आबा," अर्पिता म्हणाली. "हात दुखायलाय."

आबांनी तोंड उघडलं. घास चावला, बराच वेळ चावला, गिळला. मग पोरीने खाल्लं. मग पुन्हा त्यांना, पुन्हा स्वतःला. ताट पुसून झाल्यावर तिने "अजून" म्हणून ताट पुढे केलं. आबा हात धुऊन निघाले तेव्हा सरजाबाईंपाशी थांबले, काहीतरी बोलायचं होतं असं वाटलं. "उद्या येतो बाई," एवढंच म्हणाले आणि गेले.

ते आठवडाभर आले. माझा वेगळ्या ताटांचा नियम मीच मोडला. अर्पिता आता शेजारच्या निकिताला पहिला घास देते, आणि निकिता तो घेऊन वर तिच्या ताटातले आणखी दोन घास खाते, पण ते चालतं. दिवाळीच्या आधी वजन घेतलं, सोळा किलो चारशे. रोहिणीने शाळा सोडायचं नाव पुन्हा काढलं नाही.

वजनाचा कागद घेऊन मी नाचतच स्वयंपाकखोलीत गेले. मला वाटलं, सरजाबाई हसतील. त्या पातेलं घासत होत्या. त्यांनी आकडा ऐकला आणि घासायच्या थांबल्या.

"मॅडम, एक सांगू का? कुणाला बोलू नका." हात तसेच राखेने भरलेले. "श्रावणापासून मी तिला अर्धीच पळी वाढायले होते. टाकून देनार तर कशाला वाढायचं म्हणून. राग यायचा मला. सहा वर्साच्या लेकराचा राग."

मी म्हणाले, तुम्हाला काय ठाऊक होतं, कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे.

"ती घास धरून समद्यांकडं बघायची ना," त्या म्हणाल्या, "तवा माझ्याकडंबी बघायची. म्या तोंड फिरवायची."